तीन टेस्लाच्या चुंबकात एक सोडियम आयन

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या मानेचा एमआरआय काढला. यंत्र ३ टेस्लाचं होतं. बाहेर आल्यावर चहाचा कप हातात घेत ती म्हणाली, "आत सरकवताना क्षणभर भोवळ आल्यासारखं झालं रे." मावशीने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे दुसरं वाक्य प्रश्नाचंच होतं. "रक्तात मीठ असतं, मिठात सोडियम, आणि त्याच्यावर धन भार. प्रत्येक पेशीच्या वेशीवर हे सोडियम आत-बाहेर करतं, त्यावर नसा चालतात. एवढ्या मोठ्या लोहचुंबकात ते अडून कसं बसत नाही?"

मी "नाही अडत" एवढंच म्हणालो. घरी परतताना वाटलं, हे काही उत्तर नव्हे. ३ टेस्ला म्हणजे आपल्याकडे पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र असतं त्याच्या साधारण ७० हजार पट. हलणाऱ्या भारावर चुंबक बल लावतो, हे बारावीच्या पुस्तकात छापलेलं आहे. मग ते बल जातं कुठे? आठवड्याभराने मी हेच प्रकरण एमएस्सीच्या वर्गात मांडलं. एक सोडियम आयन (भार असलेला अणू), एक ऊर्जेचा अडथळा, एक चुंबक. अडथळा ओलांडून जाण्याचा वेग चुंबकाने किती बदलतो, ते आकड्यांत सांगायचं. पुढचं सगळं त्या दोन तासांतलं आहे, आणि त्यानंतर मी घरी बसून जे तपासून पाहिलं त्यातलं.

घाट

अडथळा म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणायला आपल्याला लांब जायला नको. एक दरी, पलीकडे दुसरी दरी, मध्ये घाटमाथा. आयन अलीकडच्या दरीत आहे. भोवतालचे पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देतात. बहुतेक धक्के तळाशीच जिरतात, पण कधीतरी लागोपाठचे धक्के एकाच दिशेने बसतात आणि आयन माथ्यावर पोचतो. माथ्याची उंची आम्ही औष्णिक ऊर्जेच्या, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान याच्या, १० पट धरली. मग तळाच्या तुलनेत माथ्यावर आयन सापडण्याची शक्यता २२ हजारांत एक होते.

या उड्यांचा वेग कसा काढायचा हे १९४० साली लायडनच्या हेन्ड्रिक क्रामर्स यांनी दाखवलं. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४३ च्या आपल्या प्रदीर्घ आढाव्यात या प्रश्नाला जागा दिली. माझ्यासारख्या अनेकांना क्रामर्स तिथूनच भेटले. त्यांच्या उत्तरात तीन गोष्टींचा गुणाकार आहे. आयन दरीत किती वेळा हेलकावे घेतो. त्यांतल्या किती वेळा माथ्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे असते. आणि माथ्यावरून पुढे पाऊल टाकणाऱ्यांतले किती खरोखर पलीकडे उतरतात. हा तिसरा गुणक क्रामर्सची खरी देणगी, असं मला वाटतं. त्यांच्या आधीच्या सिद्धान्तात माथा ओलांडला की काम झालं, असं धरत. क्रामर्स यांनी पाहिलं की माथ्यावर धक्के थांबत नाहीत. पलीकडे दोन पावलं गेलेला आयन पुन्हा अलीकडे ढकलला जातो, परत जातो, परत येतो. या येरझाऱ्यांची वजावट केल्याशिवाय वेग बरोबर येत नाही.

वर्गात आलेली उत्तरं

सर्वांत जास्त हात ज्या उत्तराला वर झाले ते असं: चुंबक आयनाला धरून ठेवतो, म्हणजे घाट उंच होतो. हे उत्तर चूक आहे, आणि का चूक आहे ते नीट समजून घ्यायला हवं.

चुंबकीय बल नेहमी वेगाला काटकोनात असतं. ते आयनाची दिशा वळवतं, चाल बदलत नाही. जे बल ऊर्जा देत नाही आणि घेतही नाही, ते घाटाची उंची बदलू शकत नाही. याच्याही पुढची गोष्ट नील्स बोर यांनी १९११ च्या प्रबंधात आणि हेन्ड्रिका व्हान लेउवेन यांनी १९१९ मध्ये लायडनला स्वतंत्रपणे सिद्ध केली: अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व, भौतिकीत, तापमान स्थिर झालेल्या प्रणालीत कण कुठे आणि किती वेगाने सापडतील याच्या वाटपात चुंबकीय क्षेत्र येतच नाही. व्हान लेउवेन या लॉरेंट्झ यांच्याच विद्यार्थिनी. म्हणजे ज्यांच्या नावाने हे बल ओळखलं जातं, त्यांच्याच पाठशाळेत त्या बलाची ही मर्यादा दाखवली गेली. दरीच्या तळाशी किती आयन आणि माथ्यावर किती, हे प्रमाण चुंबक लावल्यावरही २२ हजारांत एकच राहतं.

प्रयोगाने हे पडताळायचं तर वेगवेगळ्या तापमानांना उड्यांचा वेग मोजावा, त्याचा लॉगरिथम घ्यावा, आणि तापमानाच्या व्यस्तासमोर आलेख काढावा. रेषेचा उतार म्हणजे घाटाची उंची. चुंबक लावून पुन्हा तेच करावं. घर्षण तापमानाने फारसं बदलत नसेल, तर दुसरी रेषा पहिलीला समांतरच येईल, फक्त खाली सरकलेली. किती सरकेल, हा आपला प्रश्न.

दुसरं उत्तर होतं: बल काम करत नाही, म्हणून परिणाम शून्य. हे अर्धं खरं आहे. तीन गुणकांपैकी पहिल्या दोघांना चुंबक हात लावत नाही. तिसरा मात्र त्याच्या तावडीत सापडतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हे अचूक पकडलं. ती म्हणाली, "सर, माथ्यावर आलेला आयन उताराला लागतो न लागतो तोच वळेल. वळून परत अलीकडे येईल." येरझाऱ्या वाढतील, वजावट वाढेल, निव्वळ वेग कमी होईल. घाट तेवढाच, माथ्यावर येणारेही तेवढेच. पलीकडे उतरणारे कमी.

तिचं म्हणणं तत्त्वतः बरोबर. आता आकडे.

दोन घड्याळं

आयनाजवळ दोन घड्याळं आहेत. एक वळण्याचं. भार गुणिले क्षेत्र भागिले वस्तुमान, एवढाच हिशेब. सोडियमचं वस्तुमान अणुमानात २३. ३ टेस्लामध्ये तो सेकंदाला १ कोटी २६ लाख रेडियन वळू पाहतो. म्हणजे एका फेरीला अर्धा मायक्रोसेकंद. मोकळा असता तर खोलीच्या तापमानाला त्याच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण २६ मायक्रोमीटर भरली असती. केसाच्या जाडीहून कमी, पण आयनाच्या मानाने अवाढव्य.

दुसरं घड्याळ विसरण्याचं. पाण्याचे रेणू इतके दाटीने आदळतात की आयन आपली चालण्याची दिशा फार लवकर विसरतो. हा काळ थेट दिसत नाही, पण मिळवता येतो. सोडियम आयन पाण्यात किती भराभर पसरतो हे मोजलेलं आहे: २५ अंशांना त्याचा विसरण गुणांक (इथे विसरण म्हणजे पसरणं, विसरणं नव्हे) सेकंदाला १.३३ भागिले १०० कोटी चौरस मीटर. आइन्स्टाइनचं १९०५ चं सूत्र यावरून घर्षण देतं. उत्तर येतं सेकंदाला ८१ लाख कोटी. म्हणजे एकदा धरलेली दिशा १२ फेम्टोसेकंदांत पुसली जाते. तेवढ्या वेळात आयन चार पिकोमीटर सरकतो. अणूच्या व्यासाच्या काही टक्के.

ही दोन घड्याळं शेजारी ठेवा. एक फेरी पुरी व्हायला अर्धा मायक्रोसेकंद लागतो, आणि तेवढ्यात आयन आपली दिशा चार कोटी वेळा विसरलेला असतो. विसरायच्या आत तो जेमतेम ०.००००००१५५ रेडियन वळतो. नाकासमोर एक किलोमीटर चाललेला माणूस दीड दशांश मिलिमीटर बाजूला जावा, एवढं ते वळण.

माथ्यावर आडव्या दिशेने मोकळी जागा असेल आणि घर्षण भरपूर असेल, तर तिसऱ्या गुणकाची घट फार साधी निघते. वळण्याचा वेग भागिले विसरण्याचा वेग, त्याचा वर्ग, त्यात एक मिळवा, आलेल्या संख्येने भागा. वर्ग का, तर चुंबकाला दोनदा वळवावं लागतं. आयन पुढे जात होता, चुंबकाने त्याला आडवं केलं. आडव्या चालीला चुंबकाने पुन्हा वळवलं, तेव्हा कुठे ती चाल मागे झाली. प्रत्येक वळणाला एक गुणोत्तर.

सोडियमसाठी हा वर्ग येतो २.४ भागिले एक कोटी कोटी. एकावर १४ शून्यं. उघडी असलेली एक आयनवाहिनी (पेशीच्या पडद्यातली आयनांची वाट) सेकंदाला सुमारे एक कोटी आयन सोडते असं धरलं, तर एक कोटी कोटी आयन जायला जवळपास चार महिने लागतील. मावशी चार महिने त्या बोगद्यात पडून राहिली असती आणि तेवढा वेळ ती वाहिनी उघडीच राहिली असती, तर दोन किंवा तीन आयन कमी गेले असते. दुसऱ्या बाजूने पाहू. अंगात एक अंश ताप चढला की १० पट उंचीच्या घाटावरून जाणाऱ्या उड्यांचा वेग सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. ३ टेस्लाचा चुंबक जे करतो, ते करायला तापमान एका केल्विनच्या लाख कोटीव्या भागाइतकंही उतरावं लागत नाही.

खऱ्या वाहिनीत घट याहूनही कमी. वाहिनी म्हणजे अरुंद बोळ. आडवं जायला तिथे जागाच नाही. चुंबकाचं आडवं बल बोळाच्या भिंती झेलतात. गणितात हे असं उतरतं (बाक म्हणजे माथा किती वाकलेला आहे ते, वारंवारितेच्या मापात): माथ्याच्या बाकाचा वर्ग भागिले माथ्याचा बाक आणि भिंतींचा ताठपणा यांच्या वर्गांची बेरीज, या अपूर्णांकाने ती २.४ आणखी गुणली जाते. भिंती जितक्या ताठ तितका चुंबक निष्प्रभ.

एक शंका माझीच. १२ फेम्टोसेकंद हा काळ पाण्याच्या रेणूंच्या स्वतःच्या हेलकाव्यांइतका लहान आहे. एवढ्या लहान काळात घर्षण म्हणजे एकच ठरावीक आकडा, असं म्हणणं ढोबळ होतं. नेमका हिशेब करायचा तर घर्षणाची स्मृतीही धरावी लागते. त्याने आकडा काही पट इकडेतिकडे होईल. १४ शून्यांपुढे काही पटींनी निकाल बदलत नाही.

हे मी इतक्या सविस्तर का सांगतोय? बाजारात मनगटाला बांधायचे चुंबकीय पट्टे मिळतात, चुंबकावर ठेवून 'भारलेलं' पाणी विकलं जातं, आणि जाहिरातीत पेशीतल्या आयनांची ये-जा सुधारते असं लिहिलेलं असतं. अशा पट्ट्याचं क्षेत्र ०.०५ टेस्ला धरलं, तर एमआरआयच्या मानाने ते ६० पट कमी. परिणाम क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, म्हणजे ३,६०० पट कमी. जिथे ३ टेस्लाने चार महिन्यांत तीन आयन अडत नाहीत, तिथे या पट्ट्याने काय होणार? सांधेदुखीने बेजार झालेली माणसं यावर पैसे घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मावशीला मी हा हिशेब तिच्या वहीत लिहून दिला.

पाणी काढून घेतलं तर

शून्य उत्तर आलं की वर्ग सैलावतो. पण या प्रकरणाचा खरा गाभा शून्याच्या पलीकडे आहे. तोच आयन, तोच ३ टेस्लाचा चुंबक. फक्त पाणी काढून टाका आणि तिथे विरळ वायू ठेवा. समजा आता आयन आपली दिशा सेकंदाला फक्त १० लाख वेळा विसरतो. वळण्याचं घड्याळ तेच, १ कोटी २६ लाख. गुणोत्तर झालं १२.६. विसरायच्या आत आयन दोन पूर्ण फेऱ्या मारतो.

घाटही आता रुंद आणि सौम्य धरू. माथ्याच्या बाकाची वारंवारिता सेकंदाला एक लाख. चुंबक नसताना माथ्यावरून पुढे पाऊल टाकणाऱ्या १०,००० आयनांतून येरझाऱ्यांची वजावट करून ९९० पलीकडे जातात. चुंबक लावल्यावर किती? सहा. घट १५८ पट. घाटाची उंची मात्र तसूभरही बदललेली नाही.

आता वायू थोडा दाट करा. विसरण्याचा वेग दुप्पट, सेकंदाला २० लाख. वर्गाला विचारलं, पलीकडे जाणारे वाढतील की घटतील? सगळे म्हणाले घटतील. टकरा वाढल्या, वाट कठीण झाली. चुंबक नसताना खरंच तसं होतं: ९९० चे ४९९ होतात. चुंबक असताना सहाचे बारा होतात.

फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती मला फार आवडली. चुंबकात अडकलेला आयन माथ्याजवळ लहान लहान वर्तुळं घेत बसतो. उतार त्याला खाली ओढतो, पण ती ओढ वर्तुळाला आडवं सरकवण्यात खर्ची पडते. आयन माथ्याला समांतर सरकत राहतो, उतरत नाही. टक्कर झाली की त्याचं वर्तुळ मोडतं आणि नवं वर्तुळ जरा पुढे सुरू होतं. खाली उतरायला त्याच्याकडे टक्कर हा एकच मार्ग आहे. जी टक्कर पाण्यात चुंबकाचा परिणाम पुसून टाकत होती, तीच इथे सुटकेचा रस्ता होते. टकरा वाढवत गेलं की सुटकेचा वेग वाढत जातो. वळण्याचं आणि विसरण्याचं घड्याळ एका चालीवर आलं की तो सर्वाधिक होतो, आणि मग पुन्हा उतरू लागतो. पाणी त्या उतरणीच्या पार टोकाला बसलेलं आहे.

क्रामर्स यांच्या मूळ शोधनिबंधातही असा चढ आणि उतार आहे, म्हणून घोटाळा होऊ शकतो. तिथे घर्षण फारच कमी असेल तर सुटका मंदावते, कारण आयनाला धक्के मिळत नाहीत आणि माथ्यावर चढायची ऊर्जाच गोळा होत नाही. आपल्या प्रकरणात ऊर्जा आहे, आयन माथ्यावर उभाही आहे. त्याला उतरता येत नाही. दोन्हींची चित्रं सारखी दिसतात, कारणं वेगळी.

हे फक्त फळ्यावरचं नाही. पेनिंग सापळा नावाचं उपकरण आहे. एकेक आयन दिवसेंदिवस धरून ठेवण्यासाठी हान्स डेमेल्ट यांनी ते विकसित केलं आणि १९८९ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. त्यात विद्युत क्षेत्र आयनाला अक्षाच्या दिशेने दरीत ठेवतं, पण बाजूच्या दिशांनी तो टेकडीच्या माथ्यावर असतो. चुंबक नसता तर तो गडगडत गेला असता. चुंबकामुळे तो माथ्याभोवती सावकाश प्रदक्षिणा घालत राहतो. सापळ्यात थोडासा वायू शिरू द्या. प्रदक्षिणेचं वर्तुळ हळूहळू मोठं होत जातं आणि आयन कडेला जाऊन हरवतो. त्या वाढीचा वेग मी काढून पाहिला: माथ्याच्या बाकाचा वर्ग गुणिले घर्षण, भागिले घर्षणाचा वर्ग अधिक वळण्याच्या वेगाचा वर्ग. आमच्या घाटाचंच सूत्र, अक्षरशः. म्हणून अशा सापळ्यात वायूने आयन थंड करायचे असतील तर जोडीला फिरतं विद्युत क्षेत्र लावून त्यांना आत ढकलत राहावं लागतं.

ज्यांच्या नावाने हा सापळा ओळखला जातो ते फ्रान्स पेनिंग आइंटहोव्हनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत होते, आणि त्यांनी १९३७ साली बनवलेला निर्वातमापक आपल्या महाविद्यालयांच्या व्हॅक्यूम लॅबमध्ये आजही पंपाशेजारी असतो. त्यातही हीच युक्ती आहे. इलेक्ट्रॉनला अॅनोड समोर दिसत असतो, पण चुंबक त्याला सरळ जाऊ देत नाही. फिरत फिरत, वायूच्या रेणूंना धडकत तो तिथवर पोचतो, आणि त्या लांबलेल्या वाटेवर रेणूंचे आयन करत जातो. तो आयनांचा प्रवाह दाब सांगतो.

खिंडीतली आडवी वाट

इथवर माथा सगळीकडे सारखा उंच धरला होता, लांबच लांब कड्यासारखा. सह्याद्रीत वाटा अशा जात नाहीत; त्या खिंडीतून जातात. खिंडीत पुढेमागे उतार असतो आणि डावीउजवीकडे चढ. आयनाच्या घाटालाही बहुधा असाच आकार असतो. त्याने चुंबकाचा हिशेब पुष्कळ बदलतो, हे मला स्वतःला गणित मांडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

तीव्र चुंबकीय क्षेत्रात आयन उताराच्या दिशेने न जाता उताराला काटकोनात सरकतो. उताराला काटकोनात म्हणजे समोच्च रेषेवरून. डोंगर भटकणारी मंडळी ज्याला ट्रॅव्हर्स म्हणतात, उंची न बदलता कड्याच्या पोटातून आडवं जाणं, तेच. सपाट कड्यावर अशी आडवी चाल तुम्हाला कड्याच्या कडेकडेनेच नेते, पलीकडे कधीच नाही. खिंडीत मात्र दोन्ही बाजूंच्या चढावर, खिंडीहून थोड्या वरच्या उंचीच्या समोच्च रेषा अलीकडच्या दरीच्या बाजूने सुरू होऊन पलीकडच्या दरीच्या बाजूला जातात. ज्या आयनाजवळ तेवढी उंची आहे, तो नुसत्या आडव्या चालीने पार होतो. टक्करीची वाट पाहावी लागत नाही.

आकडे: वायू, चुंबक, माथ्याचा बाक सगळं आधीचंच, डावीउजवीकडचा चढ माथ्याच्या बाकाइतकाच. १०,००० पैकी आता ६ नव्हे, ७९ जातात. आणि फार तीव्र क्षेत्रात घट क्षेत्राच्या वर्गाने होत नाही, साध्या व्यस्त प्रमाणात होते. चुंबक दुप्पट केला तर सुटका पाव होत नाही, निम्मी होते.

या फरकाने प्लाझ्मावर (आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूवर) काम करणाऱ्यांना अनेक दशकं छळलं आहे. टकरांचा हिशेब सांगतो की चुंबकाने कोंडलेल्या प्लाझ्माची गळती क्षेत्राच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियात, युरेनियमची समस्थानिकं वेगळी करण्याच्या कामात, डेव्हिड बोम यांना चुंबकातल्या विद्युत-ज्योतींमध्ये गळती त्याहून बरीच जास्त दिसली, आणि त्यांनी मांडलेलं सूत्र क्षेत्राच्या साध्या व्यस्त प्रमाणात होतं. ते १९४९ साली छापून आलं. प्लाझ्मात विद्युत क्षेत्राचे चढउतार सतत उठत-मोडत असतात, म्हणजे खिंडी तयार होतात आणि बुजतात, आणि कण त्यांच्या समोच्च रेषांवरून निसटतात. तिथलं गणित आमच्या एकट्या स्थिर खिंडीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे, पण मूळ चाल तीच. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली सुरू झालेल्या आदित्य टोकामॅकसारख्या, चुंबकाने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कंकणाकार यंत्रांवर प्लाझ्माच्या कडेचे हे चढउतार मोजणं हे एक मोठं काम राहिलं आहे.

भोवळ

मावशीला वही दिली त्या दिवशी तिने सगळं वाचलं, १४ शून्यं बोटाने मोजली, आणि चष्मा काढत म्हणाली, "हे पटलं. पण मग मला भोवळ का आली?"

मी म्हणालो, "मावशी, ती नक्की कशाने आली ते मी नाही सांगू शकत. रिकाम्या पोटी, घाबरून आडवं पडल्यानेही येते." पण तिचा प्रश्न तिथे थांबणारा नव्हता, आणि तो तिथे थांबायलाही नको होता.

एकट्या आयनाला माथ्यावर वळवायला चुंबक असमर्थ ठरला, कारण टक्कर त्याचं वळण पुसते. पण पुसलेलं जातं कुठे? प्रत्येक टक्करीत आयन आपल्याला मिळालेला आडवा धक्का पाण्याच्या रेणूला देऊन मोकळा होतो. बल नाहीसं होत नाही, हातबदल होतो. आयन यादृच्छिकपणे सर्व दिशांना धावत असतील, तर पाण्याला मिळालेले धक्के एकमेकांना खोडतात. आयनांचा ओघ एका दिशेने वाहत असेल, तर ते खोडले जात नाहीत. साचतात, आणि पाणी ढकललं जातं.

आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये असा ओघ कायम असतो. तिथल्या द्रवात पोटॅशियम भरपूर आहे, आणि तोल सांभाळणाऱ्या केसपेशींमध्ये पोटॅशियम आयनांचा प्रवाह आपण स्वस्थ पडलेलो असतानाही चालू असतो. हा प्रवाह तीव्र क्षेत्रात आला की द्रवावर आडवा दाब पडतो, द्रव नलिकेतल्या मऊ पडद्याला वाकवतो, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०११ साली हे ७ टेस्लाच्या यंत्रात दाखवलं. अंधारात स्वस्थ पडलेल्या माणसांचे डोळे हळूहळू एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत. माणूस क्षेत्रात असेपर्यंत हे चालू राही. माणसाला यंत्राच्या उलट्या टोकाकडून आत नेलं की डोळ्यांची दिशाही उलटी होई. आणि ज्यांच्या आतल्या कानाचं तोल सांभाळण्याचं काम दोन्ही बाजूंनी बंद पडलेलं होतं, त्यांचे डोळे स्थिर राहिले.

रक्तातही असंच आहे. महाधमनीतून रक्त जोरात वाहतं तेव्हा क्षेत्रातले धन आणि ऋण आयन उलट्या बाजूंना ढकलले जातात आणि धमनीच्या आरपार विद्युतदाब तयार होतो. रक्ताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, धमनीची रुंदी अडीच सेंटिमीटर आणि ३ टेस्ला धरले तर तो ३७ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. म्हणून यंत्रात पडलेल्या माणसाच्या ईसीजीत टी-लाट (ठोक्याच्या शेवटाकडचा उंचवटा) उगीचच उंच दिसते. बाहेर आलं की ती जागेवर येते.

मावशीने वहीत १४ शून्यांच्या खाली नलिकेचं चित्र काढलं, प्रवाहाचा एक बाण, क्षेत्राचा दुसरा, आणि डाव्या हाताची तीन बोटं ताठ करून तिसरा बाण कुठल्या बाजूला येतो ते पाहत बसली.